टिनाच्या खोलीला पांढरा रंग: कशावर काय टिकतं आणि आतून रंग का देऊ नये

पऱ्हाटी
राम राम राजेहो. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत छपरांचं काम काढायचं आहे. एका खोलीवर नवं जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं टिन आहे, दुसरीवर जुनं गंजलेलं टिन, आणि गोठ्यावर सिमेंटचा पत्रा. गावात तीन मतं पडली. एक म्हणतो चुना मारा. दुसरा म्हणतो चांदीचा रंग मारा. तिसरा म्हणतो पांढरा ऑइल पेंट आतून-बाहेरून दोन्हीकडून मारा. नवं टिन तं आधीच आरशासारखं चकाकते, त्याले रंगाची गरज काय हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी सांगावं.

उष्मागती
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांची गल्लत तिथंच होते.

छपराचं तापणं दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, आलेल्या उन्हातलं किती ते पिऊन घेतं. दुसरी, तापल्यावर ती उष्णता किती सोडतं. रंग बघून आपल्याला फक्त पहिलीचा अंदाज येतो, तोही अर्धवट. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. एकसारखे दिसणारे दोन तपकिरी पत्रे म्हणूनच वेगवेगळे तापू शकतात.

नवं जीआय टिन ऊन बऱ्यापैकी परतवतं, निम्म्याहून जास्त. पण चकचकीत धातू उष्णता सोडायच्या बाबतीत फार चिक्कू. पांढरा रंग, चुना, कवेलू, माती, एवढंच काय डांबरसुद्धा, आपल्या तापमानाला जेवढी उष्णता किरणांनी बाहेर टाकता येते तिच्या ८५ ते ९५ टक्के टाकतात. नवं टिन २५-३० टक्क्यांच्या आसपास अडकतं. म्हणून कमी पिऊनही ते तापून बसतं. वारा पडलेल्या दुपारी नव्या टिनाला हात लावून पाहा आणि शेजारच्या चुना मारलेल्या स्लॅबला लावून पाहा. शिवाय ही चमक टिकत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत जस्त मंद राखाडी होतं आणि मग ते ऊनही जास्त पितं.

आता ढोबळ हिशेब. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ९५० वॉट ऊन पडतं. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. गंजलेलं टिन यातलं ८० टक्क्यांच्या आसपास पितं, म्हणजे आठ हजार वॉटच्या वर. चांगला पांढरा रंग २०-२५ टक्के पितो, म्हणजे दोन ते अडीच हजार वॉट. हजार वॉटच्या आठ शेगड्या छपरावर ठेवल्या की अडीच, एवढा हा फरक. हे सगळं खोलीत उतरत नाही, बरंचसं वारा वरच्या वर घेऊन जातो. पण खाली येणारा वाटा त्याच प्रमाणात घटतो.

मिस्त्री_वऱ्हाड
चांदीच्या रंगाबद्दल एक ओळ जोडतो. तो म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला रंग, त्यामुळे त्यालाही धातूचीच खोड आहे. गंजलेल्या पत्र्यापेक्षा नक्की बरा, गंजही रोखतो. पण थंडाव्यासाठी पैसे टाकायचे असतील तर पांढऱ्यालाच टाका.

आणि आधी छपरावर टाका, भिंतीचं मागून पाहू. आपल्याकडे नागपूर-अमरावती पट्ट्यात २५-२६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पायाशीच गोळा होते. नवतपा त्याच दिवसांत लागतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. सगळा मारा छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम भिंतींवर. छपरानंतर पैसे उरले तर मावळतीची भिंत पांढरी करा, कारण तिच्यावर ऊन येतं तेव्हा हवाही दिवसातली सर्वांत तापलेली असते.

पऱ्हाटी
मग दोन्हीकडून रंग देणारा म्हणतो ते? खालून पांढरा असला तं उजेडही पडते.

उष्मागती
उजेड पडतो, पण उष्णताही पडते. नव्या टिनाला आतून रंग देऊ नका. हे मी ठासून सांगतो, कारण नुकसान करणारी ही चूक चांगल्या हेतूनं केली जाते.

वर ज्याला चिक्कूपणा म्हटलं, तोच खालच्या बाजूला आपल्या कामाचा. छपराची खालची बाजू खाली बसलेल्या माणसाकडे किरणांनी उष्णता फेकते. वरून येणारी ती धग, कूलर चालू असतानाही डोकं तापवते ती हीच. समजा टिन ६५ अंशांवर आहे आणि खोलीतल्या वस्तू ४० वर. खालची बाजू कोरी चकचकीत असेल तर ती चौरस मीटरमागे साधारण ५० वॉट खाली फेकेल. तिथंच पांढरा, काळा, कोणताही साधा रंग दिला तर तोच आकडा पावणेदोनशेच्या घरात जातो. साडेतीन पट. रंग दिल्यावर टिन स्वतः थोडं निवतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडेल. पण दिशा हीच.

तेव्हा वरून पांढरं, खालून कोरं. खालची बाजू आधीच गंजलेली असेल तर तिचा हा गुण गेलेलाच आहे. तिथं गंज थांबवायला प्राइमर मारला तर काही बिघडत नाही. अशा पत्र्याखाली चांदीचा रंग मात्र शोभतो. वर ज्याला आपण नको म्हटलं, त्याची खरी जागा ही.

गोठा_दुग्ध
खालून चकाकणारी चंदेरी फॉइल लावतात, तिचं तत्त्व हेच ना?

उष्मागती
हेच. पण फॉइल आणि पत्रा यांच्यात किंवा फॉइलच्या खाली मोकळी हवा हवी, निदान इंचभर. पत्र्याला चिकटवून वर प्लाय ठोकला की चमक मेली. दोन्ही बाजूंनी दाबलेली फॉइल उष्णता सरळ पुढं पाठवते.

रंगाचा_डबा
आता कशावर काय टिकतं ते. रंगाची निवड चुकते कमी, अस्तर, म्हणजे रंगाखालचा प्राइमर, जास्त चुकतं.

नवं जीआय टिन. यावर ऑइल पेंट कधीही थेट मारू नका. पहिले काही महिने छान दिसतो, मग नखानं पापुद्रे निघतात. ऑइल पेंटमधलं तेल आणि पत्र्यावरचं जस्त यांची आपसात क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि त्यावरून रंगाची पकड सुटते. प्राइमर महाग घ्या नाही तर स्वस्त, तोही तेलाचाच असला तर गत तीच. नव्या पत्र्यावर कारखान्यातलं तेलही असतं. कपड्याच्या पावडरनं घासून धुवा, भरपूर पाण्यानं साबण काढा, वाळू द्या. मग दोन वाटा आहेत. एक, जस्ताच्या पत्र्यासाठी मिळणारा वॉश प्राइमर. तो दोन डब्यांचा येतो, मिसळल्यावर ठरलेल्या तासांतच वापरावा लागतो आणि हात अगदी पातळ मारायचा असतो. जाड मारला तर तोच सोलून येतो. दुसरी वाट, पाण्याचा ॲक्रिलिक प्राइमर, ज्याच्या डब्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं आहे. वर बाहेरच्या भिंतीचा पांढरा ॲक्रिलिक किंवा छपरासाठीचा ऊन परतवणारा कूल रूफ रंग, दोन हात. घाई नसेल तर नवं टिन एक पावसाळा तसंच ठेवून मग रंगवा. चमक मंदावली की पकड चांगली बसते.

गंजलेलं टिन. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा. घट्ट बसलेला तांबूस थर राहिला तरी चालतो, पण हाताला भुकटी लागता कामा नये. गंजाच्या जागांवर झिंक फॉस्फेटचा प्राइमर, तो वाळला की पांढरे दोन हात. भोकं आधी बुजवा. जे-बोल्टाखालचे डांबरी वायसर फुटले असतील तर याच वेळी बदला. १२ फुटी पत्रा ४० अंशांच्या फरकानं पावणेदोन मिलिमीटर लांबतो आणि रोज तेवढाच आखडतो, बोल्टाची भोकं त्यानंच मोठी होतात. पत्रा पांढरा केला की ही ओढाताणही कमी होते. गळती रोखायला रंगाची अशीही मदत होते, हा फायदा फार कमी लोक जमेस धरतात.

वेळ सांभाळा. तापलेल्या पत्र्यावर रंग मारला तर तो ब्रशखालीच सुकतो, पसरत नाही, बारीक तडे जातात. फाल्गुन-चैत्रात सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, नाही तर ऊन उतरल्यावर. दव असेल तर आधी फडक्यानं पुसा.

रंग किती लागेल हे डब्यावरून मोजताना लक्षात घ्या, तो आकडा सपाट भिंतीचा असतो. नालीदार पत्र्याला वळणांमुळे साधारण १५ टक्के जास्त धरा. २० बाय १२ फुटांचं छप्पर २४० चौरस फूट दिसतं, रंगाला ते पावणेतीनशेच्या वर जातं.

मिस्त्री_वऱ्हाड
पत्र्यावर चढताना पाय बोल्टांच्या रांगेवरच ठेवा, खाली पत्र्याला आधार देणारा लोखंडी अँगल असतो तिथं. सिमेंटच्या पत्र्यावर तर पायच नको. दोन अँगलांवर टेकेल अशी शिडी किंवा फळी आडवी टाका आणि तिच्यावरून काम करा. जुना सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि मधे काचेसारखा तुटतो.

आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो कोरडा घासू नका, तारेचा ब्रश तर लावूच नका. पाण्यानं ओला करून काथ्याच्या ब्रशनं हलक्या हातानं शेवाळ काढा, नाका-तोंडावर चांगला मास्क. ती धूळ फुप्फुसात कायमची राहते.

धुऱ्याकाठचा
सिमेंटच्या पत्र्याला आणि स्लॅबला चुनाच मारा, खर्च निम्म्यापेक्षा कमी. टिनावर मात्र चुना नको. गुळगुळीत पत्रा रोज ताणतो-आखडतो, चुन्याचा थर ताणत नाही, आठवड्याभरात खपल्या पडतात.

कृती देतो. सरकारी बांधकामात चालत आलेलं प्रमाण हे आहे: १ किलो कळीच्या (न विझवलेल्या) चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी, आणि तयार चुन्याच्या दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून. म्हणजे १० किलो चुना, ५० लिटर पाणी, २०० ग्रॅम डिंक.

चुना लोखंडी ड्रममध्ये विझवा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली पाघळते. डोळ्यांना चष्मा पाहिजेच, चुन्याचा एक थेंब डोळा कायमचा बिघडवू शकतो. गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं सतत धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. लेकरं त्या ड्रमपासून लांब. २४ तास तसाच ठेवा, मग जाड्या कपड्यातून गाळा. न गाळलेल्या चुन्यातले खडे स्लॅबवर नंतर फुगून उडतात, तिथं तिथं काळे ठिपके राहतात.

आणि आता लोक हमखास चुकतात ते. चुना सुकून पक्का होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी थोडी ओल लागते. मेच्या उन्हात मारलेला चुना पाच मिनिटांत कोरडा होतो, दगड व्हायचा राहूनच जातो. मग हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड, आणि पहिल्या पावसाला सगळं नालीत. म्हणून संध्याकाळी स्लॅब धुवा, ओलसर असतानाच पहिला पातळ हात. दुसऱ्या दिवशी उजाडताना पंपानं हलकं पाणी फवारा. दुसरा हात त्या संध्याकाळी पहिल्याच्या आडवा. तिसरा हवा तर तिसऱ्या दिवशी. चार दिवस सकाळी फवारा चुकवू नका.

संत्राबाग
निळीचं काय? आमच्याकडे चुन्यात नीळ टाकतातच.

धुऱ्याकाठचा
भिंतीला टाका, छपराला नको. निळीनं चुन्याचा पिवळेपणा मरतो म्हणून डोळ्याला जास्त पांढरा दिसतो. पण नीळ म्हणजे उन्हातला पिवळा-लाल भाग पिणारा रंगच. दिसायला पांढरा वाढतो, परतवणं किंचित घटतं. छपराकडे कोण पाहतं, ते काम करू द्या.

गोठा_दुग्ध
हा पांढरेपणा किती दिवस राहतो? वणी-घुग्घूसकडे तर कोळशाची धूळ बसते.

रंगाचा_डबा
चांगला नवा पांढरा रंग ८० टक्के ऊन परतवतो. धूळ, धूर, पावसाळ्यातली काळी बुरशी यांनी वर्ष-दोन वर्षांत तो ६०-६५ पर्यंत उतरतो. कोळशाच्या पट्ट्यात त्याहून लवकर. धुतल्यावर बराचसा परत येतो. म्हणून होळीनंतर एकदा साबणाचं पाणी आणि मऊ झाडू, आणि नवतप्याआधी परत एकदा नुसतं पाणी. बुरशीचे काळे डाग साबणानं जात नाहीत, तिथं ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी दहा मिनिटं ठेवून धुवा. गंजाच्या जागांवर ब्लीचिंग लावू नका, पत्रा खाते. छपराचं पाणी टाकीत घेत असाल तर धुताना आणि पहिल्या दोन पावसांत पन्हाळ बाजूला वळवा.

चुना दरवर्षी मारायचा असतो हे गृहीतच धरा. तेलंगणानं २०२३ साली कूल रूफचं धोरण आणलं, अहमदाबादेत झोपड्यांच्या छपरांना पांढरं करायचं काम त्याच्या आधीपासून चालू आहे. पण छप्पर दरवर्षी धुतलं नाही तर कुठलाही रंग असो, फायदा घसरतोच.

पऱ्हाटी
रंग दिल्यावर फरक मोजायचा कसा? दुकानात लाल ठिपक्याची थर्मामीटर गन मिळते.

उष्मागती
गन चांगली, पण कोऱ्या टिनावर ती खोटं बोलते. ती पृष्ठभागानं सोडलेल्या किरणांवरून तापमान काढते आणि समोरचा पृष्ठभाग ९५ टक्के सोडतो असं धरून चालते. टिन सोडतं २५-३०, वर ते आभाळाचं प्रतिबिंब दाखवतं. त्यामुळे हात भाजेल अशा टिनावर गन खूप कमी आकडा दाखवते आणि माणूस म्हणतो, कोरं टिनच थंड आहे. उपाय सोपा: टिनावर कागदी मास्किंग टेपचा तीन इंचांचा तुकडा दाबून चिकटवा, दहा मिनिटं थांबा, टेपवर नेम धरून मोजा. पांढऱ्या रंगावर थेट मोजता येतं. दोन्ही मापं एकाच वेळी घ्या, दुपारी एक ते दोन, वारा सारखा असताना.

खोलीतली हवा मोजून निराश होऊ नका. बाहेर ४५ असेल तर पांढरं छप्पर खोली ३५ ला आणत नाही. छप्पर बाहेरच्या हवेच्या जवळ येतं आणि डोक्यावरची धग जाते, एवढंच रंगाचं काम. आढ्याजवळ दोन्ही बाजूंना जाळी ठेवून गरम हवेला वाट द्यावीच लागते, आणि कूलरसमोर खिडकी उघडी लागते. नाही तर ओलसर हवा कोंडते.

संत्राबाग
हिवाळ्यात पांढऱ्या टिनातून थेंब पडतात अशी तक्रार ऐकली. खरं का?

उष्मागती
खरं आहे, आणि कारण तेच. रंग दिलेलं टिन रात्री आभाळाकडे उष्णता मोकळी सोडतं, म्हणून कोऱ्या टिनापेक्षा जास्त गार पडतं. पहाटे ते हवेपेक्षाही गार होतं आणि खोलीतली वाफ खालच्या बाजूला धरते. यात पांढऱ्याचा दोष नाही, काळा रंग दिला असता तरी रात्री असंच झालं असतं. रात्री रंग चालत नाही, फक्त सोडण्याचा गुण चालतो. चूल, अंघोळीची मोरी, ओले कपडे त्या खोलीत असतील तर थेंब वाढतात. आढ्याची जाळी हिवाळ्यात बंद करू नका. उताराच्या पत्र्यावर थेंब घरंगळून भिंतीकडे जातात, म्हणून खाट भिंतीपासून हातभर पुढं घ्या.

धुऱ्याकाठचा
मुद्द्याला धरून आहे म्हणून विचारतो, छपरावरची काळी टाकी पांढरी करावी का?

रंगाचा_डबा
प्लास्टिकच्या टाकीवर रंग धरत नाही, सोलून येतो. टाकी काळी आहे ती काजळीमुळे. काजळी प्लास्टिकला उन्हापासून वाचवते आणि आत उजेड जाऊ देत नाही, उजेड गेला की हिरवं शेवाळ. तीन थरांच्या पांढऱ्या टाक्यांतही मधे किंवा आत गडद थर असतो तो यासाठीच. टाकीला मांडव घाला, वर वीतभर अंतर सोडून कपाशीच्या पऱ्हाट्या नाही तर तुराट्या, आणि पश्चिमेकडून बारदाना. टाकी भरलेली ठेवा. १००० लिटर पाण्याला एक अंश तापायला ४२ लाख ज्यूल लागतात, म्हणजे भर उन्हातही ताशी जेमतेम अंशभर. अर्धी टाकी दुप्पट वेगानं तापते.

उष्मागती
आणि नळाला पहिलं उकळतं पाणी येतं ते टाकीतलं नाही, काळ्या नळीतलं. १६ मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीत मीटरमागे फक्त १५० मिलिलिटर पाणी असतं आणि तिच्यावर पडणारं ऊन १४ वॉट पिलं जातं. सुरुवातीला मिनिटाला अंशाच्या वर तापते. म्हणून संत्र्याच्या कोवळ्या कलमांना दुपारी ठिबक सोडू नका, पहाटे सोडा. सोडायचंच असेल तर शेवटची टोपी काढून नळीतलं तापलेलं पाणी आधी वाहू द्या. नळीवर पालापाचोळा टाकला तरी मोठा फरक पडतो.

पऱ्हाटी
मग ठरलं. नव्या टिनाले धुऊन वॉश प्राइमर आणि वरून पांढरा, आतून कोरं. जुन्याले प्राइमर मारून पांढरा, खालून चांदी. गोठ्यावर चुना, नीळ नाही. गोठ्याचा पत्रा आतून तसाच ठेवू ना?

गोठा_दुग्ध
तसाच ठेवा. सिमेंटचा पत्रा आतून चुन्यानं पांढरा केला तरी धग कमी होत नाही, तो आधीपासूनच पूर्ण उष्णता सोडतो. मात्र माश्या आणि गोचिडांसाठी गोठ्याच्या भिंतींना चुना देतात तो द्या. वरचा चुना मारायच्या दिवशी जनावरं दुसरीकडे बांधा आणि गव्हाण, पाण्याचं टाकं ताडपत्रीनं झाका. ओघळलेला चुना वैरणीत गेला तर जनावराचं तोंड आणि जीभ सोलते.

धुऱ्याकाठचा
आणि डिंक आदल्या रात्रीच भिजत घाला. सकाळी गरम पाण्यात लवकर विरघळतो, गाठी राहत नाहीत.